डोके नसलेले शेपूट : प्लेगच्या शत्रूचा शंभर वर्षांचा शोध

१/
जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तो येथेच. या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. मराठवाड्यातील माणूस तिला गंगा म्हणतो आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगाथडी. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये याच बीड जिल्ह्यातून एक बातमी आली आणि सारा देश हादरला. प्लेग परतला होता.

२/
बीड जिल्ह्यातील त्या गावाचे नाव मामला. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर धास्तावलेल्या लोकांनी घरे सोडली, धान्य मात्र आतच राहिले. ओस घरांत उंदीर माजले, त्यांच्याबरोबर पिसवा वाढल्या आणि लोक परतले तेव्हा रोग माणसांत शिरला, अशी मीमांसा पुढे केली गेली. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ उठली. लाखो माणसे शहर सोडून पळाली. देशभरात ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू अशी नोंद झाली.

३/
हा रोग खरोखर प्लेगच होता का, यावर तेव्हा मोठा वाद झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी जिवाणूच्या जनुकीय खुणा तपासल्या आणि २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो यर्सिनिया पेस्टिस हाच जिवाणू असल्याचे दाखवले. म्हणजे साथीच्या दिवसांत प्रश्न केवळ मारण्याचा नव्हता, ओळखण्याचाही होता. प्लेगच्या साऱ्या इतिहासात हा धागा सापडतो. शत्रूला नेमके ओळखून केवळ त्यालाच मारणारे शस्त्र माणसाला मिळेल का? त्या शोधाची ही हकीकत मांडवी बंदरापासून सुरू होते.

४/
२३ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील एका रुग्णाला तपासून मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केले : गाठीचा प्लेग. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन आणि शिबासाबुरो कितासातो यांनी या रोगाचा जिवाणू शोधला होता. रोगाचे कारण कळले होते, उपाय मात्र कुणापाशी नव्हता. मुंबईतून साथ पुण्यात गेली, देशावर पसरली, निजामाच्या मुलखातही पोहोचली. पुढील दोन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने १ कोटीहून अधिक माणसे नेली.

५/
शस्त्र नसलेल्या सरकारने हाती येईल ते वापरले. गटारांत आणि घरांत कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, भिंतींना चुना फासला गेला, कौले उतरवली गेली, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून आजारी माणसे हुडकू लागले. देवघर आणि माजघर असा भेद राहिला नाही. अस्मानी आणि सुलतानी एकाच वेळी कोसळल्याची भावना शहरात पसरली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांचा इतिहास सर्वांना परिचित आहे.

६/
त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला होता. तत्कालीन उपायांकडे आज पाहिले तर त्यांतील एक समान दोष दिसतो : त्यांना भेद करता येत नव्हता. कार्बोलिक ॲसिडला प्लेगचा जिवाणू आणि निरुपद्रवी जिवाणू सारखेच होते. तपासणी पथकाला साधा ताप आलेला माणूस आणि प्लेगचा रोगी सारखेच वाटत. ज्याला ओळखता येत नाही तो सरसकट हल्ला करतो, आणि सरसकट हल्ल्याची किंमत निरपराध चुकवतात.

७/
वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. लस निरोगी शरीराला शत्रूची ओळख करून देई. मात्र ज्याच्या काखेत वा जांघेत गाठ आधीच उठली आहे, त्याच्यासाठी लसीचा उपयोग नव्हता.

८/
याच काळात आग्र्याला अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हे सरकारी रासायनिक परीक्षक म्हणून काम करत होते. गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू फार काळ टिकत नाहीत, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. १८९६ मध्ये त्यांनी हे निरीक्षण पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई. हँकिन यांनी त्याचे श्रेय पाण्यातील उडून जाणाऱ्या एखाद्या रासायनिक द्रव्याला दिले.

९/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘हँकिन यांनी गंगेत जिवाणू खाणारे विषाणू शोधले’ असे विधान अनेकदा केले जाते. हँकिन यांनी असा दावा कधीच केला नव्हता. विषाणूंचे अर्थ त्या प्रयोगांना पुढील पिढीने मागाहून लावले, आणि तो अर्थ बरोबर आहे का याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. त्या निबंधातून कोणत्याही नदीचे पाणी निर्जंतुक ठरत नाही. १८९६ च्या निरीक्षणाचे महत्त्व इतकेच की निसर्गात जिवाणूंना मारणारे काहीतरी आहे, अशी शंका तेथे नोंदली गेली.

१०/
१९१५ मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स देरेल यांनी त्या मारेकऱ्यांपैकी एकाला उजेडात आणले. जिवाणूंवर जगणारा हा विषाणू. देरेल यांनी त्याला बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणुभक्षक, असे नाव दिले. त्याचे संक्षिप्त नाव फेज. याची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याची निवड : हगवणीच्या जिवाणूचा फेज हगवणीचा जिवाणू मारे, इतरांना शिवतही नसे. कार्बोलिक ॲसिडला जे जमत नव्हते, ते या अदृश्य जिवाला जमत होते.

११/
देरेल यांनी १९२० मध्ये इंडोचायनात उंदरांच्या लेंड्यांतून प्लेगच्या जिवाणूवरील फेज मिळवला होता. १९२५ मध्ये ते इजिप्तच्या आरोग्य व विलगीकरण मंडळात असताना एका जहाजावर प्लेगचे चार रुग्ण आढळले. देरेल यांनी फेजचे द्रावण थेट त्यांच्या गाठींत टोचले. चौघेही बरे झाले. या बातमीने ब्रिटिश सरकारचे लक्ष वेधले आणि १९२६ मध्ये देरेल यांना मुंबईला, हाफकिन संस्थेत पाचारण करण्यात आले. मुंबईच्या प्लेगसाठी उभी राहिलेली प्रयोगशाळा आता नव्या शस्त्राची पारख करणार होती.

१२/
अपेक्षा मोठ्या होत्या, निकाल मात्र धूसर राहिले. हाफकिन संस्थेत १९३० च्या सुमारास प्लेगच्या रुग्णांवर फेज वापरून पाहिले गेले, पण चार रुग्णांच्या त्या चमत्काराची पुनरावृत्ती ठामपणे झाली नाही. पटकीवरील फेजचे प्रयोग बंगाल, बिहार आणि आसामात चालले. आसामातील नौगाव येथे फेज वाटायचे आणि हबिगंज येथे तुलनेसाठी वाटायचे नाही, असे ठरले होते. औषधाची कीर्ती पसरताच तुलनेच्या भागातूनही मागणी सुरू झाली आणि तुलनाच पुसट झाली. संशोधकांना हवा असलेला निर्णायक पुरावा मिळाला नाही.

१३/
अपयशाचे एक मूळ अज्ञानात होते. फेज कसा दिसतो हेच कुणाला माहीत नव्हते. तो सजीव आहे की विकर, यावरही वाद चालू होता. तो एखाद्या जिवाणूला कसा ओळखतो, शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न अनुत्तरित होते. १९४० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पडदा दूर केला. फेजला डोके आणि शेपूट होते. डोक्यात त्याचे डीएनए. शेपटाने तो जिवाणूला चिकटे आणि त्यातूनच डीएनए आत सोडी. ओळखण्याचे काम डोक्याचे नव्हते, ते शेपटाच्या टोकाचे होते.

१४/
परंतु तोवर काळ पुढे सरकला होता. सल्फा औषधे आली, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि एकेकाळी मृत्यूची खात्री मानली जाणारी प्लेगची गाठ वेळेवर उपचार झाल्यास बरी होऊ लागली. जॉर्जियातील तिबिलिसीच्या संस्थेत फेजवरील काम चालू राहिले, अन्यत्र ते बहुतेक विस्मरणात गेले. नव्या औषधांनाही भेद करता येत नव्हता. ती रोगजंतूबरोबर आतड्यातील उपकारक जिवाणूही मारत. मात्र यशाच्या त्या दिवसांत ही त्रुटी कुणाला फारशी खुपली नाही.

१५/
कथा आता पॅरिसला जाते. १९२५ मध्येच बेल्जियमच्या आंद्रे ग्रासिया यांनी दाखवले होते की एक जिवाणू आपल्याच जातीच्या दुसऱ्या जिवाणूला मारणारे द्रव्य सोडतो. १९५० च्या दशकारंभी अशा द्रव्यांना बॅक्टेरिओसिन हे नाव मिळाले. पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांच्या हाताखाली फ्रांस्वा जाकोब हा तरुण संशोधन करत होता. शल्यविशारद होण्याची त्याची इच्छा होती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत झालेल्या जखमांनी ती वाट बंद केली आणि तो जीवशास्त्राकडे वळला.

१६/
१९५४ मध्ये जाकोब यांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर अतिनील किरण टाकले. जखमांत निळसर-हिरवा पू निर्माण करणारा हा जिवाणू भाजलेल्या रुग्णांचा जुना वैरी. किरणांनंतर काही वेळाने जिवाणू फुटले. त्यांच्यातून नवे फेज बाहेर पडले नाहीत, तरीही त्या द्रावाचा थेंब शेजारच्या वाणाच्या जिवाणूंना मारत होता. या द्रव्याला पायोसिन म्हटले गेले. ल्वॉफ आणि जाक मोनो यांच्यासह जाकोब यांना १९६५ मध्ये नोबेल मिळाले ते जनुकांच्या नियंत्रणावरील कामासाठी. पायोसिन हा त्या मोठ्या कीर्तीच्या सावलीत राहिलेला शोध.

१७/
पायोसिन म्हणजे नेमके काय, याचे उत्तर १९६० च्या दशकात जपानी संशोधकांनी दिले. त्यांनी ते शुद्ध करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पडद्यावर जे दिसले ते फेजच्या शेपटासारखे होते. आवरण, नळी, तळपट्टी, तंतू, सारे जागच्या जागी. डोके मात्र नव्हतेच. डोके नाही म्हणून डीएनए नाही, डीएनए नाही म्हणून वंशवृद्धी नाही. केवळ मारण्यासाठी उरलेले हे शेपूट. पुढे अशा साऱ्या अस्त्रांना फेजच्या शेपटासारखी बॅक्टेरिओसिने असे संबोधले जाऊ लागले.

१८/
त्यांच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक ताठ आणि आकुंचन पावणारी, तिला आर प्रकार म्हणतात. दुसरी लवचीक आणि न आकुंचन पावणारी, ती एफ प्रकार. आर प्रकारच्या पायोसिनची लांबी सुमारे १२० नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी सहा-सातशे पायोसिने टोकाला टोक लावून मावतील. आत पोकळ, कठीण नळी. तिच्याभोवती ताणून बसवलेले प्रथिनांचे आवरण. खाली तळपट्टी, तिच्या मध्यभागी अणकुचीदार टोक आणि कडेला सहा तंतू.

१९/
कार्य असे चालते. तंतू जिवाणूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करारचनेला पकडतात. पकड बसली की तळपट्टीचा आकार बदलतो आणि ताणलेले आवरण एका क्षणात आखडते. आखडणाऱ्या आवरणामुळे आतली नळी खाली ढकलली जाते आणि जिवाणूचे बाहेरचे पटल, भित्तिका व आतले पटल भेदून जाते. आतल्या पटलाच्या दोन बाजूंना असलेल्या विद्युतभाराच्या फरकावर जिवाणूचे सारे ऊर्जाकारण चालते. नळीच्या छिद्रातून आयन वाहू लागतात, तो फरक मोडतो आणि जिवाणू मरतो. यासाठी एखाददुसरे पायोसिनही पुरेसे ठरते.

२०/
या अस्त्राची किंमत मोठी आहे. ते बनवणाऱ्या जिवाणूकडे ते बाहेर फेकण्याचा मार्ग नसतो. स्वतःच्या डीएनएला इजा झाली की त्याच्यातील पायोसिनची जनुके जागी होतात, दोनशेपर्यंत पायोसिने तयार होतात, आणि मग तो जिवाणू स्वतःच फुटतो. मरताना तो शेजारच्या स्पर्धक वाणांवर बाणांचा वर्षाव करून जातो. त्याचे सगोत्र बांधव मात्र सुरक्षित राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर त्या तंतूंना पकडायला योग्य जागा नसते. सारा न्याय पृष्ठभागावरच होतो.

२१/
हा पृष्ठभाग कसा असतो? स्यूडोमोनास, पटकी, प्लेग यांसारख्या जिवाणूंना दोन पटले असतात. बाहेरच्या पटलावर लिपोपॉलिसॅकराइड नावाच्या रेणूंचे दाट रान असते. त्याचा बुंधा मेदाचा, वर शर्करांचा गाभा, आणि त्याहून वर अनेकदा शर्करांची लांब साखळी. आर प्रकारच्या पायोसिनचे तंतू गाभ्यातील ठरावीक शर्करा शोधतात. वरची साखळी दाट असेल तर गाभा झाकला जातो आणि अस्त्र वाया जाते. पायोसिनच्या आर-१ ते आर-५ या उपप्रकारांतील मुख्य भेदही तंतूंच्या टोकांतच आहे.

२२/
पायोसिन म्हणजे मोडका फेज, अशी पहिली समजूत होती. जनुकांच्या वाचनाने ती बदलली. आर प्रकाराचे पी-२ या फेजशी आणि एफ प्रकाराचे लॅम्डा या फेजशी नाते आढळले, पण डोके बनवणारी जनुके तुटकीमुटकी पडलेली नव्हती. ती पूर्णपणे वगळली गेली होती आणि शेपटाची जनुके जपून ठेवली गेली होती. कधीकाळी हल्ला करून आत शिरलेल्या विषाणूचे शेपूट जिवाणूने उत्क्रांतीच्या ओघात आपल्या शस्त्रागारात जमा केले. जिंकलेल्या किल्ल्यावरील तोफा आपल्याच बुरुजावर चढवाव्यात, तसाच हा प्रकार.

२३/
येथून वाट पुन्हा प्लेगकडे वळते. तंतूचे टोक बदलले तर पायोसिनचे लक्ष्य बदलेल का? २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पायोसिनच्या तंतूचा मुळाकडील भाग तसाच ठेवला आणि टोकाकडे पी-२ फेजच्या तंतूचा भाग जोडला. स्यूडोमोनासचे अस्त्र ई. कोलाय जिवाणूंना मारू लागले. मग त्यांनी एल-४१३सी या फेजचा तंतू जोडला. हा फेज प्लेगच्या निदानासाठी वापरला जातो, कारण तो प्लेगचाच जिवाणू फोडतो. नव्या पायोसिनने यर्सिनिया पेस्टिसला मारले.

२४/
देरेल यांनी मुंबईत आणलेल्या कल्पनेचा हा ऐंशी वर्षांनंतरचा अवतार होता. फेजमधील ओळखणारा भाग घेतला, मारणारे यंत्र दुसऱ्याचे घेतले आणि वंश वाढवणारा भाग पूर्णपणे वगळला. १९२६ मध्ये ज्याचा आकारही ठाऊक नव्हता, त्याचे टोक उतरवून दुसरीकडे बसवता येऊ लागले. प्लेगचा जिवाणू या बाबतीत काहीसा उघडाही आहे. काही हजार वर्षांपूर्वी तो ज्या पूर्वजापासून वेगळा झाला, त्याच्या अंगावर शर्करांची लांब साखळी होती. ती बनवणारी जनुके प्लेगच्या जिवाणूत निकामी झाली आहेत, त्यामुळे त्याचा गाभा झाकलेला नसतो.

२५/
जिवाणू सुटकेसाठी पृष्ठभाग बदलणार नाही का? बदलतो. मात्र पृष्ठभाग हे त्याचे चिलखतही असते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू प्रतिजैविकांनंतर आतड्यात माजतो. त्याला मारणारी शेपटासारखी बॅक्टेरिओसिने त्याच्या सर्वांत बाहेरच्या प्रथिनांच्या थराला पकडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो थरच टाकून देणारे जिवाणू वाचल्याचे दिसले, पण त्यांची रोग घडवण्याची शक्ती गेली होती. फेजपासून वाचण्यासाठी गाभा छाटून घेणाऱ्या प्लेगच्या काही वाणांतही उंदरांवरील प्रयोगांत असाच दुबळेपणा आढळला. ओळख पुसणाऱ्याला बळही गमवावे लागते.

२६/
हे सारे आज का महत्त्वाचे आहे? १९९५ मध्ये मादागास्करमध्ये एका रुग्णाच्या शरीरातून प्लेगचा असा वाण मिळाला, ज्यावर स्ट्रेप्टोमायसिनसह प्लेगची अनेक नेहमीची औषधे निष्प्रभ ठरत होती. मामल्याच्या साथीच्या पुढच्याच वर्षातली ही घटना. तो वाण पसरला नाही, हे दैव. जाकोब यांचा स्यूडोमोनास तर इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत ठाण मांडून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या प्रतिजैविकांची तातडीची गरज असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा त्याचे औषधांना न जुमानणारे वाण सर्वांत वरच्या गटात होते.

२७/
येथे इतिहासाने शिकवलेला सावधपणाही हवा. चार रुग्ण बरे झाल्यावर १९२५ मध्ये जी घाई झाली, तिचा शेवट धूसर निकालांत झाला. बदललेली पायोसिने आजवर मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासली गेली आहेत. ती प्रथिने असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध उठू शकते. जे अस्त्र एकालाच ओळखते, त्याच्या वापरासाठी रोगजंतू कोणता हे वैद्याला आधी अचूक ठाऊक असावे लागते. नेमक्या औषधाची पहिली अट नेमके निदान ही आहे.

२८/
आणि निदानाची कसोटी अखेर गावातच लागते. १८९६ मध्ये मांडवीत एका डॉक्टरला गाठ पाहून रोग ओळखता आला. १८९७ मध्ये पुण्यात ज्यांना ओळखता आले नाही, त्यांनी घरे उसवली. १९९४ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात रोगाच्या नावावरच वाद झाला आणि भीती रोगापेक्षा वेगाने धावली. सहा तंतूंचे ते शेपूट मात्र आधी पकड बसल्याची खात्री करते, मगच आखडते. घरांत उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला जाई, अशा आठवणी सांगणारी पिढी आता उरलेली नाही. तिने जे सोसले त्याची नोंद ठेवणे इतिहासाच्या हाती आहे.

(समाप्त)

#इतिहास #मराठी #प्लेग #मराठवाडा